मोठ्यानं वाजणारी चप्पल

गेल्या शनिवार-रविवारी माझ्या बाबांनी कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या दुकानदारांना अक्षरशः घाम फोडला... आणि मला रडवलं!

झालं असं, की आई-बाबांना घेऊन मी कोल्हापूरला गेले होते. मुद्दाम भवानी मंडपाजवळचं हॉटेल घेतलं. खाली उतरलं की देऊळ, महाद्वार रोड, साड्या, बांगड्या, खाऊच्या गाड्या... सगळं हाकेच्या अंतरावर.

आईला काचबिंदू आहे. समोरचा माणूस तिला आता नुसता सावलीसारखा दिसतो. पण हात धरलेला मुळीच चालत नाही. "मी काय ल्हान पोर हाय व्हय?" म्हणून झिडकारते.

त्यामुळे शनिवारी संध्याकाळी महाद्वार रोडवर तिने माझ्या ओढणीचं टोक धरलं होतं. गर्दीत ते सुटलं. मी वळून बघते तर आई भांड्यांच्या दुकानापाशी उभी... नुसती "अहो... अहो..." करत. जेमतेम मिनिटभराचाच प्रकार, पण ती इतकी घाबरली की रूमवर येऊन पलंगावर बसली ती बसलीच.

रविवारी सकाळी म्हणाली, "तुम्ही जावा की. मी बसतो हितं." (आई मुरगूडची. तिकडच्या बायका 'बसते' म्हणतच नाहीत!) लग्नाचा बस्ता तिने ह्याच महाद्वार रोडवर बांधला होता. इतक्या वर्षांनी तिथे आलोय आणि ही खोलीत बसणार... फार वाईट वाटलं. किती विनवण्या केल्या, पण ढिम्म.

आणि बाबा काय म्हणाले असतील? "चल गं, मला चप्पल घ्यायचीय."

माझं डोकंच फिरलं. बायको तोंड बारीक करून बसलीय आणि ह्यांना शॉपिंग सुचतंय! तणतणतच गेले मी त्यांच्याबरोबर.

पहिल्या दुकानात छान मऊ, हलकी चप्पल दाखवली. बाबांनी चार पावलं टाकली आणि काढून ठेवली. "ही वाजत न्हाई."

"आता वाजणारी कोण घालतंय पावणं? हापिसात लोक वळून बघत्यात की!"

"बघू देत. वाजणारीच दावा."

मग दुसरं दुकान, तिसरं दुकान... वाजणारी मिळाली तरी ह्यांचं समाधान होईना. "आणखी मोठ्यानं वाजती का?" शेवटी एका दुकानदारालाच चप्पल घालायला लावून रस्त्यापर्यंत चालायला सांगितलं. आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे! येणारेजाणारे बघायला लागले. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं.

"व्हय, ही चालंल," बाबा डोळे न उघडताच म्हणाले.

हॉटेलच्या कॉरिडॉरमधून निघाली वरात... कर्र... कर्र... कर्र... "बाबा, जरा हळू" म्हणणारच होते, तेवढ्यात आमच्या रूमचं दार उघडलं. दारात आई.

"अहो, तुम्हीच न्हवं? लग्नात असलीच हुती की तुमची! मांडवाबाहेरनं ऐकू यायची."

"म्हणूनच घेतली. मी म्होरं चालतो, तू आवाजामागनं ये. हात धरायला नगं, का कुणाचं टोक धरायला नगं."

आत्ता माझी ट्यूब पेटली... आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आम्ही पुन्हा महाद्वार रोडवर. बाबा पुढे, मुद्दाम पाय दाबून टाकत. दोन पावलांवर आई, मान वर करून, एकटी. हॉर्न, ओरडा, गाड्यावरचा झारा, सगळ्यातून तिला तेवढा एक आवाज बरोब्बर सापडत होता. तो थांबला की ती थांबायची.

मग बांगड्यांच्या दुकानापाशी तीच ओरडली, "अहो, थांबा की!" हिरव्या बांगड्या मागितल्या आणि अर्धा तास बोटांनी चाचपून निवडल्या. वर बाबांना, "जरा दमानं चाला, कान किटलं माझं!" आणि हसली. किती दिवसांनी हसली माझी आई...

आता आम्ही पुण्यात परत आलोय. काल शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, हल्ली रोज संध्याकाळी जिन्यात कसला एवढा कर्रकर्र आवाज येतो?"

म्हटलं, काकू, माझी आई फिरायला निघालेली असते.