कारंज्याजवळ थांबले आहेत

आमच्या आणि विजयमालाकाकूंच्या घराची मधली भिंत एकच आहे. इकडे भाकरी थापली की तिकडे ऐकू जातं. त्यामुळे त्यांच्या घरात काय घडलं ते मला कुणी वेगळं सांगायची गरज पडली नाही. जे भिंतीतून आलं नाही, ते काकूंनी नंतर निवडणं-टिपणं करताना थोडं थोडं सांगितलं.

गाव आमचं पारनेर तालुक्यातलं. पाऊस झाला तर बाजरी, मूग, नाहीतर दुधावर घर चालतं. आसारामनाना, विजयमालाकाकू, मुलगा करण आणि त्याच्या आधीची मोनिका, असं त्यांचं घर. मोनिका शिकली, नगरला नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात लागली. नाना तेव्हा दूध घालायला डेअरीवर गेले की कुणी न विचारता सांगायचे, "आमची मोनी कंपनीत हाय." कोरोनाच्या साली तिनं त्याच कंपनीतल्या हर्षल नावाच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा जातीतला नव्हता. तिनं घरी आधी सांगितलं होतं, आठ दिवस कोंडून ठेवलं तिला, मग ती एका पहाटे निघून गेली.

नानांनी जित्या पोरीचा दहावा घातला. नदीवर जाऊन डोकं भादरलं, पिंड ठेवला, भाऊबंदांना जेवायला बोलावलं. भाऊबंद आले आणि जेवून गेले. त्या दिवशी चुलीपुढं बसून पुऱ्या काकूंनीच तळल्या. मी मदतीला होते. धुरानं डोळ्यांत पाणी येतंय असं त्या सारखं म्हणत होत्या, आणि मी सारखं "व्हय काकू" म्हणत होते.

त्यानंतर त्या घरात मोनिकाचं नाव निघालं नाही. नाना काकूंना आधी मोनीची आई म्हणून हाक मारायचे, ते करनची आई म्हणायला लागले.

दीड-दोन वर्षांनी, थंडी सरत आली होती तेव्हा, माझ्या मोबाईलवर फोन आला. "वहिनी, आईला दे ना," मोनिका एवढंच म्हणाली. मी भिंतीवर थाप मारून काकूंना बोलावलं. काकू फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. मग मोनिकानं सांगितलं की नगरला सावेडीकडच्या बागेत फुलांचं प्रदर्शन भरतंय, तिथं ये.

"आगं, कुनी बघितलं म्हंजी?" काकू म्हणाल्या.

"आई, आपल्या गावातलं कुणी फुलं बघायला येणाराय का?"

ते खरं होतं. काकू गुडघे दाखवायला जाते म्हणून निघाल्या. सुप्यावरून एसटीनं माळीवाड्याला उतरल्या, रिक्षा केली. बागेच्या दारात फुलांची कमान होती, आत कुंड्यांच्या रांगाच रांगा. झेंडू, डेलिया, पिटुनिया, आणि मधोमध फुलांचाच केलेला एक भलामोठा मोर. काकू कारंज्याजवळ उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीचं तोंड बघत राहिल्या. एक चष्मा लावलेली, केस कापलेली बाई दोनदा समोरून गेली. तिसऱ्यांदा ती थांबून म्हणाली, "आई, मीच आहे."

काकू मला म्हणाल्या, "पोटची पोर, आन् मला वळखू आली न्हाई."

रडायचं नाही असं दोघींनी न बोलता ठरवलं असावं. चहूकडे माणसं. मग त्या फुलं बघत चालल्या. मोनिका पाट्या वाचून नावं सांगायची, काकू हूं हूं करायच्या. मध्येच एखादं खरं वाक्य यायचं. "सासू कशी हाय?" "बरी आहे." "तुला न्हाई ना काय म्हनत?" "म्हणते कधीकधी. तुमच्याकडच्यांनी दहावा घातला, आता आमच्याच गळ्यात, म्हणते." काकूंनी पिशवीतून कुरडया, शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ काढून दिलं. एकमेकींना हात न लावता दोघी निघाल्या. हात लावला असता तर सुटला नसता, असं काकूंचं म्हणणं.

पुढच्या वर्षी मोनिकाच्या कडेवर लेक होती, ईश्वरी नाव. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आपल्यात. हिचं कुठं व्हायचं? काकूंनी लपूनछपून कुंची शिवली होती, तिला गोंडे लावले होते. बाकड्यावर बसून त्यांनी ती नातीच्या डोक्यावर घातली. ऊन लागत होतं, पोरगी किरकिर करायला लागली, तरी त्यांनी ती काढू दिली नाही. "घटकाभर राहू दे," म्हणाल्या. त्या वर्षी परत आल्यावर काकू तीन-चार दिवस चांगलं जेवल्या. नाना म्हणालेसुद्धा, "गुडघ्याचं औषध लागू पडलेलं दिसतंय." काकूंच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्या व्हय म्हणाल्या.

तिसऱ्या वर्षी घात झाला. आणि तो झाला एका चांगल्या फोटोमुळं.

ईश्वरी तेव्हा पळत होती. ती फुलांच्या मोराकडे धावली, रखवालदारानं शिट्टी वाजवली, काकू गुडघे विसरून मागं धावल्या आणि तिला उचलून हसायला लागल्या. मोनिकाही हसत जवळ आली. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. बागेत अशी फोटो काढणारी मुलं फिरतच असतात, कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. संध्याकाळी तो फोटो नगरच्या कुठल्याशा फेसबुक पानावर आला, खाली लिहिलं होतं, 'फुलांच्या सोबतीने तीन पिढ्या'. तिथून तो पारनेरच्या ग्रुपवर आला, आणि जेवणं व्हायच्या आत आमच्या गावात. मीही पाहिला. फोटो इतका छान होता की विचारू नका. काकूंना तसं हसताना मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं.

भिंतीपलीकडून करणचा आवाज आला. "सगळं गाव हसतंय! तिथं जाऊन फोटो काढती, आं?" भांडं आदळलं.

दुसऱ्या दिवशी करण मोटरसायकल घेऊन नागापूरला गेला. कंपनीच्या गेटवर विचारपूस करून त्यानं मोनिकाची खोली शोधून काढली. चाळीच्या मधोमध उभा राहून तो अर्धा तास ओरडत होता. हर्षल घरी नव्हता. मोनिका दार लावून पोरीला पोटाशी धरून आत बसली होती. त्यानं हात उगारला नाही, पण जाताना म्हणाला, "इथं ऱ्हातीस कशी ते बघतो." संध्याकाळी घरमालकानं खोली खाली करायला सांगितली.

मग मोनिकाचा एक फोन आला, माझ्याच मोबाईलवर. काकूंनी घेतला.

"आई, आम्ही जातोय इथून. हर्षलनं दुसरीकडे काम बघितलंय."

"कुठं गं?"

"सांगत नाही. तुला ठाऊक असलं तर हे लोक तुझ्याकडून काढून घेतील. ठाऊकच नसलं तर काय काढतील?"

"आगं पन मी..."

"तब्येत सांभाळ," ती म्हणाली. मागं पोरगी काहीतरी बोलत होती, ते काकूंना नीट ऐकू आलं नाही. फोन बंद झाला. आठ दिवसांनी मी तो नंबर लावून पाहिला, लागला नाही. नंतर लावायचं सोडून दिलं.

मला वाटलं होतं नाना काकूंना मारतील. त्यांनी काहीच केलं नाही. बोलणं बंद केलं, एवढंच. डेअरीवरून यायचे, जेवायचे, गोठ्यात जाऊन बसायचे. असे दोन-तीन महिने गेले असतील. एका दुपारी मी अंगणात मिरच्यांची देठं काढत होते. नाना आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"सूनबाई, त्यो फोटू हाय का तुझ्याकडं?"

मी घाबरत काढून दिला. त्यांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. बोट लागलं की फोटो पुढं सरकायचा, मी परत आणून द्यायची. असं चार वेळा झालं. शेवटी ते म्हणाले, "वाळली लई." आणि मोबाईल परत देऊन गोठ्याकडं गेले. ईश्वरीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. विचारतील म्हणून मी वाट बघत होते.

पुढच्या वर्षी थंडी कमी झाली तसं काकूंचं लक्ष लागेना. एकदा त्यांनी मला मोबाईलवर बघायला सांगितलं. प्रदर्शन रविवारी होतं. जावं की न जावं, त्या काही ठरवत नव्हत्या. रविवारी सकाळी नाना आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, टोपी घालून दारात उभे राहिले.

"करनची आई, आवर. यश्टी निघंल."

"कुठं?"

"फुलाला."

काकू उंबऱ्यातच बसल्या. मग उठल्या, लुगडं बदललं, आणि दोघं निघाली. करण बाहेरच्या बाजेवर होता. नानांनी त्याच्याकडं पाहिलं नाही.

बागेत नाना पहिल्यांदाच गेले होते. गर्दी नेहमीसारखी होती. काकूंनी त्यांना कारंज्याजवळ नेलं, ते बाकडं दाखवलं. नाना बाकड्यावर बसले आणि लगेच उठले. समोरून कुणी तरणी बाई पोर घेऊन आली की ते काकूंना विचारायचे, "ही का?" काकू मान हलवायच्या. थोड्या वेळानं परत, "ही?" चार-साडेचार वर्षांत त्यांनी लेकीला फक्त त्या फोटोत पाहिलं होतं, तेही बोटाएवढं.

दुपार टळली. डेलियाच्या कुंड्यांकडं चष्मा लावलेली एक बाई मुलीचं बोट धरून चालली होती. नाना एकदम उठले, "मोने!" म्हणत तिच्या मागं गेले आणि तिच्या खांद्याला हात लावला. बाई दचकून वळली. ती वेगळीच होती. तिचा नवरा पुढं आला, "काय ओ बाबा?" नानांनी हात जोडले. "चुकलं माऊली. लेक वाटली." तो माणूस ओशाळला, राहू द्या म्हणाला. नाना परत कारंज्याजवळ आले.

तेवढ्यात मांडवातल्या कर्ण्यातून आवाज आला, की लाल फ्रॉकमधली एक मुलगी सापडली आहे, आईवडिलांनी मंचाजवळ यावं. नानांनी ते ऐकलं आणि काकूंना काही न सांगता मांडवाकडं चालू लागले. काकू मागून पोचल्या तोवर ते टेबलाशी उभे होते. माईकवर एक मुलगी होती.

"बाबा, कोण हरवलंय?"

"लेक."

"वय किती?"

"असंल की एकोनतीस."

शेजारी बसलेला एक जण हसला, त्या मुलीनं त्याला कोपर मारलं. "नाव सांगा."

"मोनिका. मोनिका आसाराम."

"सासरचं नाव?"

आडनाव नानांना येतच नव्हतं. काकू पुढं झाल्या. पण त्या सांगायच्या आत नानाच म्हणाले, "हर्षल हाय जावयाचं नाव. आडनाव हिला इचारा."

काकूंनी सांगितलं. मुलीनं माईक हातात घेतला. "मोनिका हर्षल, माहेरच्या मोनिका आसाराम, आपण बागेत कुठेही असाल तर कृपया कारंज्याजवळ यावे. आपले आईवडील कारंज्याजवळ थांबले आहेत." तिनं ते दोनदा म्हटलं. नाना म्हणाले, "अजून एकदा म्हना." तिनं परत म्हटलं.

दोघं जाऊन कारंज्याजवळ उभी राहिली. बसली नाहीत. त्या मुलीनं नंतरही आपणहून मधूनमधून पुकारलं. प्रत्येक वेळी आजूबाजूची माणसं कुणाला बोलावतायत म्हणून इकडेतिकडे बघायची, मग फुलं बघायला लागायची. हळूहळू गर्दी पातळ झाली. माळ्यांनी दाराजवळच्या कुंड्या हलवायला घेतल्या. रखवालदार येऊन म्हणाला, "आजोबा, बंद करायची वेळ झाली." नाना म्हणाले, "व्हय, निघतोच." तरी उभेच राहिले. शेवटी काकूंनी त्यांचा दंड धरला.

शेवटच्या गाडीनं ती गावात उतरली. स्टँडवर पारावर माणसं बसलेली, मी किराणा घ्यायला आले होते. भीमाबाई म्हणून आमच्या भावकीतली म्हातारी आहे, तिला सगळ्या गावाच्या चौकशा. तिनं विचारलं, "काय नाना, जोडीनं दवाखान्यात का?"

"न्हाई," नाना म्हणाले. "मोनीला भेटायला गेल्तो."

पारावरच्या माणसांनी वळून पाहिलं. दहाव्याला जेवलेली त्यातली निम्मी तरी असतील.

"मंग, झाली का भेट?"

नाना पुढं निघून गेले. काकू थांबल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "न्हाई झाली."

या गोष्टीला वर्ष झालं. मोनिकाचा फोन नाही. करणनं कंपनीत जाऊन चौकशी केली, म्हणजे नानांनी त्याला करायला लावली. तिथं कुणाला ठाऊक नाही. कुणी पुण्याकडं गेल्याचं सांगतं, कुणी छत्रपती संभाजीनगर. नाना आता काकूंशी बोलतात, पण बोलण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

यंदा बागेचं काम निघालंय म्हणे, फुलांचं प्रदर्शन भरणार नाही. मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या ज्वारी निवडत होत्या. "नीट बघ, आजून येक डाव," म्हणाल्या. मी परत बघितलं. तेच होतं.