पौर्णिमाचं ताट

पौर्णिमावर मी जळत होती, हे आधीच सांगून टाकते. ती मूर्तिजापूरची, मी अकोल्याची. दोघी अमरावतीले विद्यापीठात एम.फार्म. करत होतो. सर तेच, विषयही तोच: संत्र्याच्या सालीतल्या तेलाचं औषध. पीएचडीची जागा मात्र सरांकडे एकच होती.

अन् ती पोरगी काय, बाप्पा! बाप शाळेत शिपाई, हिच्याजवळ धड चार ड्रेस नाहीत, पण सर लॅबमध्ये आले की पहिले विचारणार, "पौर्णिमा कुठे आहे?" मी समोर उभी असली तरी. तिची वही इतकी नीट की सर ती नव्या पोरायले दाखवत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई. घरून आई फोनवर म्हणे, "तुही मैत्रीण लय हुशार आहे वो." म्हणजे माझी मायही तिकडंच!

फेब्रुवारीत आम्ही शेंदूरजनाघाटहून संत्री आणली, साली सोलल्या अन् गच्चीवर टिनाच्या शेडखाली ताटांत वाळत घातल्या. साल सावलीतच वाळली पाहिजे, ऊन लागलं की तेल उडून जाते. दुपारी सावली सरकते, म्हणून आमच्या विभागात रिवाजच होता: जो वर जाईल त्यानं सगळ्यांची ताटं आत सरकवायची. तिथं आपलं-तुपलं नाही.

त्या शनिवारी पौर्णिमा भावाच्या साक्षगंधाले गावी गेली. जाताना म्हणाली, "आचल, माह्या ताटाकडे पाहशील वो."

"हाव," म्हटलं.

बारा वाजता मी वर गेली. दोन्ही ताटांच्या काठावर ऊन आलं होतं. माझं ताट उचललं, भिंतीजवळ ठेवलं. मग तिच्या ताटाकडे पाहिलं. दोन मिनिटं तशीच उभी राहिली, पण हात काही पुढं गेला नाही. खाली येऊन चहा घेतला, अन् तो गोडही लागला.

तिचं तेल माझ्यापेक्षा निम्मंच निघालं. पुन्हा करावं तर संत्र्याचा बहार संपलेला. सरांनी दोन्ही वह्या पाहिल्या अन् जागा मले दिली. पौर्णिमाले अकोल्याच्या एका औषध कंपनीत गोळ्या तपासायची नोकरी लागली.

ती होस्टेल सोडून निघाली त्या दिवशी मी तिची बॅग ऑटोपर्यंत उचलू लागली. चोराच्या मनात चांदणं! तिनं काही विचारलं नव्हतं, तरी मीच बोलली, "त्या शनिवारी मले वर जायले जमलंच नाही वो."

"गेलती तू," ती म्हणाली. "सोमवारी आली तवाच पाहिलं मी. तुहं ताट भिंतीजवळ होतं, माहं तिथंच उन्हात."

"मंग सरायले कावून नाही सांगितलं?"

"तुलेही काढलं असतं त्यायनं. माही जागा तर गेलीच होती, तुही कायले घालवू?" तिनं माझ्या हातातली बॅग घेतली. "नीट कर आता पीएचडी."

मी आता दुसऱ्या वर्षाले आहे. गच्चीवर गेली की पहिले दुसऱ्यायची ताटं सरकवते, मग माझं. अन् पौर्णिमावर अजूनही जळते, पहिल्यापेक्षा जास्त.