जपून ठेवलेला दात

दवाखान्यांना दात करून देणारा हा कारागीर सगळ्यांचाच दादा. पण सख्खी बहीण एकच. ती घरी बसून कपडे शिवायची. जिन्यात पाय घसरून तिचा पुढचा दात गेला, तेव्हा दादा हटूनच बसला. वेळ लागला तरी चालेल, पण दात नकली आहे हे कोणाला कळता कामा नये.

डॉक्टरीणबाईंनी हाडात इम्प्लांटचा स्क्रू बसवला. तो पक्का झाल्यावर त्यावर दादाने केलेला तात्पुरता दात चिकटवला. हा दात नुसता शोभेचा नसतो. त्याची मान हिरडीला हलकेच रेटून धरते, आणि त्या आधाराने दोन दातांमधल्या फटीत हिरडीचं टोक भरून येतं. ते आलं की मगच कायमचा दात. टोक नसेल तर दात कितीही देखणा असो, शेजारी काळी फट दिसते.

काही महिन्यांनी ती दादाच्या कामाच्या खोलीत आली. साचे बाजूला सारून स्टुलावर बसली आणि पर्समधून कानातल्यांची डबी काढली. आत कापसावर तो दात!

"हा इथे काय करतोय?"

"मागेच सुटला रे. म्हटलं, इतका सुरेख दात चहाने पिवळा कशाला करायचा? बाहेर जाताना दाबून बसवते. घरात कोण बघतंय?"

"अगं, गिळला असतास म्हणजे?"

"तर तुलाच शोधायला लावला असता." ती खळखळून हसली. "चिडू नकोस. नवा टॉवेलसुद्धा मी पाहुण्यांसाठी ठेवते, आणि हे तर तुझ्या हातचं काम."

दादाने दिवा तिच्या तोंडाशी नेला. हिरडी सपाट झाली होती. दोन्ही बाजूंची टोकं खाली बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी दात पुन्हा घट्ट चिकटवला. "वाट बघू," त्या म्हणाल्या. "टाळूची कातडी काढून लावता येते, पण एवढंसं टोक त्याने उभं राहीलच, असं मी छातीठोक सांगणार नाही."

वाट पाहिली. एका बाजूला जरासं भरलं, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. शेवटी बहीणच कंटाळली. "आता कायमचा बसवून टाक बाबा."

दादाने कायमचा दात जरा रुंद करून पाहिला. फट बुजली, पण शेजारच्या नाजूक दातापुढे तो फावड्यासारखा दिसू लागला. मग फटीपुरता गुलाबी पोर्सलेनचा थर दिला. टेबलावर तो खऱ्या हिरडीसारखा वाटायचा, तिच्या तोंडात मात्र रंग फासल्यासारखा. छटा बदलली. पुन्हा भट्टीत घातला. पुन्हा तेच.

ती खुर्चीत तोंड उघडून निवांत बसली होती. दादाने दात काढून घेतला तशी म्हणाली, "घाई करू नकोस. तू करतोयस म्हटल्यावर मला कसली काळजी?"

दादाने मान हलवली आणि पाठमोरा होऊन उगाचच ब्रश धूत राहिला.