सातव्या महिन्यातली नाव

माणिकप्पा तुळजापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहत. भांड्यांना डाक लावणं, फुटक्या घागरींची बुडं बदलणं आणि कल्हई करणं हा त्यांचा धंदा. दुरुस्त केलेलं भांडं ते लगेच गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. आधी ते पाण्यानं काठोकाठ भरून दोन विटांवर ठेवायचे आणि खाली चुलीतली राख पसरायचे. घटकाभरात राखेवर एकही ठिपका पडला नाही, तरच भांडं परत मिळायचं. गिऱ्हाइकानं घाई केली तर म्हणत, "बस जरा. राख खोटं बोलत न्हाय."

त्यांना एकुलती एक मुलगी, शिवगंगा. ती दिली होती तुळजापूरपासून नऊ मैलांवरच्या एका वाडीत. लग्न ठरलं तेव्हा वाडीला सरळ रस्ता होता. पुढं खाली नवा तलाव झाला, रस्ता पाण्यात गेला आणि वाडी पलीकडच्या काठावर राहिली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाळातून बैलगाडी जाई. पावसाळ्यात मात्र वाडीची माणसं गुळाच्या काहिलीत बसून ये-जा करत. काहील म्हणजे गूळ शिजवायची मोठी, पसरट, दोन कानांची लोखंडी कढई. एक माणूस फळकुटानं वल्हवणार, बाकीचे मांडी घालून गप्प बसणार. काहील गरगर फिरत फिरत पलीकडं लागे. वळसा घालून दुसरी वाट होती, पण ती सोळा मैलांची आणि मधल्या ओढ्यातून जाणारी. श्रावणात तो ओढा चार-चार दिवस उतरत नसे.

१९६६ च्या भादव्यात शिवगंगा माहेरी येत असताना काठापासून वीस हातांवर काहील कलंडली. पाणी छातीएवढंच होतं म्हणून सगळे निभावले. पण ओल्या लुगड्यानं, थरथरत लेक दारात उभी राहिलेली पाहिली तेव्हा तिच्या आईनं, नागूबाईंनी, देवघराकडं हात करून सांगितलं, "माझी पोरगी पुन्हा त्या कढईत बसणार न्हाय. काय व्हायचं ते होऊ दे."

दिवाळीनंतर ओढा उतरल्यावर शिवगंगा वळशाच्या वाटेनं सासरी गेली आणि पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. ओटी सातव्या महिन्यात भरायची आणि मग मुलीला न्यायची. आठव्यात तिला जागची हलवायची नाही, हे तर दोन्ही घरांत कुणाला सांगावंही लागत नव्हतं. हिशेब केला तर सातवा महिना नेमका श्रावणात येत होता. पावसाआधीच लेकीला न्यावं म्हणून नागूबाई उन्हाळ्यात वाडीला जाऊन आल्या. व्याही बंडप्पा तसे चांगले गृहस्थ, पण रीतीला पक्के.

"चौथ्या महिन्यात कोण पोरगी नेतं, विहीणबाई? लोक म्हनतील, बंडप्पाच्या घरी खायाला न्हाय. सातव्यात ओटी भरतो, मग न्या."

"आन पाण्याचं काय?"

"काहील हाय की!"

नागूबाई तशाच परत आल्या. तेव्हापासून माणिकप्पांच्या घरात हा एकच विषय होता.

मी तेव्हा नुकताच कॉमर्स शिकून इथल्या एका कार्यालयात लागलो होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तलावावरच्या सरकारी बंगल्यामागच्या भंगार सामानाची हर्रास झाली. पत्र्याची पिंपं घ्यायची म्हणून माणिकप्पा माझ्याबरोबर आले. पिंपांच्या ढिगाला टेकून एक नाव पडली होती. पाण्याची खोली मोजायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं ती आणली होती आणि जाताना इथंच टाकली होती. पुढून निमुळती, आत मोटारीसारखं स्टिअरिंगचं चाक, समोर अर्धी फुटलेली काच. इंजिन कुणी तरी काढून नेलं होतं आणि तिथं मागच्या बाजूला भगदाड पडलं होतं. उन्हानं सगळं अंग तडकलेलं. वळवाच्या पावसाचं तळाशी साचलेलं पाणी शेळ्या तिच्यातून पीत होत्या.

माणिकप्पांनी तिच्यावर बोटाची पेरं वाजवली. मग पुन्हा वाजवली.

"लाकूड न्हाय. पत्रा बी न्हाय. काय हाय हे?"

"फायबर ग्लास म्हणतात. काचेच्या धाग्यांचं असतं."

"काचंची नाव?" ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले. "राघवेंद्रा, ह्याच्यात पाच माणसं बसतील न्हवं? आन ही काय गरगर फिरायची न्हाय. टोक हाय हिला."

पिंपांबरोबर ती नावही त्यांच्या गळ्यात पडली, कारण दुसऱ्या कुणाला ती नकोच होती. ज्या ट्रकमधून पिंपं आली त्यातूनच ती गल्लीत उतरली आणि माणिकप्पांच्या ओट्यासमोर दोन लाकडी घोड्यांवर चढली. सगळ्या गल्लीला जायला-यायला हातभर वाट उरली.

समोरचे अंबादास पुजारी रोज देवळात जाताना अंग चोरून जात आणि रोज विचारत, "माणिकप्पा, तुळजापूरला समुद्र कधी येणार म्हणालात?"

"तुम्ही देवीला सांगितलंत की येतो, महाराज."

काम सोपं नव्हतं. तडा कुठवर गेलाय हे पाहायला त्यांनी छिन्नीनं कडा तासल्या, तर आतल्या काचेचं बारीक कूस दोन्ही हातांत शिरलं. दोन दिवस ते खाजवत बसले. नागूबाई त्यांच्या हातांना एरंडेल चोळायच्या आणि बडबडायच्या. पण तासलेली कड त्यांनीच नीट पाहिली आणि म्हणाल्या, "अवो, हे तर आमच्या टोपल्यासारखंच हाय. थरावर थर. चिंध्या आन खळ."

कागदाचा लगदा आणि चिंध्या थापून टोपल्या करण्यात नागूबाईंचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. माणिकप्पांनी बायकोकडं पाहिलं आणि त्या दिवसापासून कामाच्या मुकादम त्याच झाल्या. जवसाचं तेल कढवायचं, त्यात राळ विरघळवायची, ते गरम असतानाच जुन्या धोतराचा तुकडा त्यात भिजवून तड्यावर बसवायचा. मग वाळू द्यायचं. मागच्या भगदाडावर माणिकप्पांनी पितळेचा पत्रा रिव्हेटांनी ठोकला आणि त्याच्या कडांवरूनही थर दिले. आषाढात ऊन मिळेना. ताडपत्री काढायची, घालायची, पुन्हा काढायची.

"आता दुसरा थर देतो."

"हात लावू नका. आत ओलं हाय अजून."

"तुला काय कळतंय?"

"टोपली माझी गळत न्हाय. घागरी तुमच्याकडंच येत्यात."

श्रावण लागला. वाडीहून निरोप आला की ओटी भरली, आता केव्हाही या. पौर्णिमेनंतर सातव्या महिन्याचे बारा दिवस उरले होते. शेवटचा थर खडखडीत वाळला आणि माणिकप्पांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. नावेखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, राख पसरली. मग गल्लीतल्या बायकांना हाक मारली. आडावरून घागरी येऊ लागल्या आणि नावेत रित्या होऊ लागल्या. अर्धी नाव भरली तेव्हा राखेवर तीनच ठिपके पडले. त्यांनी कोळशानं त्या जागी खुणा केल्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

"भरा. काठोकाठ भरा!"

नाव दोनच घोड्यांवर होती आणि मधल्या पोटाला खाली काहीच आधार नव्हता. हे तिथं उभ्या असलेल्या आम्हां वीस माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. काठाला चार बोटं कमी असताना कडाड असा आवाज झाला. पोटाला हातभर उभी चीर गेली आणि सगळं पाणी राखेसकट गल्लीतून धावत सुटलं. अंबादास पुजारी सोवळ्यात येत होते. ते गुडघ्यापर्यंत राखाडी झाले.

कुणी हसलं नाही असं मी म्हणणार नाही. पण माणिकप्पा ओट्यावर बसले ते डोकं धरूनच. नागूबाई आत निघून गेल्या. त्यांना आता तलावातलं ते गरगर फिरणारं भांडं दिसत होतं, दुसरं काही नाही.

त्याच वेळी कोंडीराम भोई आपलं पातेलं न्यायला आला होता. तलावात मासे धरायचं त्याचं काम. त्यानं चिरेत हात घालून पाहिला.

"मालक, ह्यात पानी का भरलं?"

"गळतंय का बघाया."

"घागरीत पानी मावावं लागतं. नावंत पानी मावाया लागलं तर ती बुडालीच म्हना की." तो अगदी सहज बोलला. "पानी भाईर असतं, मालक. ते समद्या अंगानं तिला उचलून धरतं. तुमी आतून कोंबलं आन खाली धरायला कुनी न्हाय."

माणिकप्पांनी डोक्यावरचे हात काढले. मग म्हणाले, "चाळीस वर्सं घागरीच केल्या रे. मी हिलाबी घागरच समजलो."

ते उठले. त्यांनी बाभळीची एक लांब फळी आणली, नावेच्या आत पोटावर उभी बसवली आणि चिरेच्या दोन्ही अंगांना पितळी पट्ट्यांनी आवळली. वरून, खालून पुन्हा धोतर आणि राळ. या वेळी देवानं पाच दिवस ऊन दिलं. नागूबाई रोज सकाळी अंगठा दाबून थर पाहायच्या आणि "अजून न्हाय" म्हणायच्या. सहाव्या दिवशी अंगठा दाबून पाहिला आणि त्यांनी दशम्या बांधायला घेतल्या.

सातवा महिना सरायला चार दिवस होते. बैलगाडीवर नाव उलटी बांधून आम्ही दुपारपर्यंत तलावावर पोचलो. कोंडीरामनं बांबू आणि दोन वल्ही तयार ठेवली होती. नाव पाण्यात ढकलली. ती जराशी डोलली आणि स्थिर राहिली.

"आता घटकाभर बघू," माणिकप्पा म्हणाले.

नागूबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि गुडघाभर पाण्यात शिरल्या. त्यांना घरच्या आडातही वाकून बघायची भीती वाटे.

"अगं, तू कुठं निघालीस?"

"माझी पोरगी बसायच्या आदी मी बसनार."

त्या मधल्या फळीवर बसल्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. पाव तास गेला. मग त्यांनी डोळे उघडून खाली तळाकडं पाहिलं. हातानं चाचपलं. हात कोरडा निघाला.

"चला," त्या म्हणाल्या.

पलीकडं सगळी वाडी काठावर आली होती. बंडप्पा पुढं. चाक आणि फुटकी काच पाहून ते म्हणाले, "व्याही, पाण्यात मोटार घातली का काय?"

"मोटार न्हाय हो. काचंची घागर हाय."

"आमची काहील काय वाईट होती?"

नागूबाई नावेतूनच बोलल्या, "व्याहीबुवा, आधी तुम्ही बसा ह्यात. मग सांगा."

बंडप्पांनी मिशीवरून हात फिरवला. वाडीची माणसं बघत होती. ते चढून बसले, दोन्ही काठ धरून नाव जोरानं हलवून पाहिली, पितळी पट्ट्या नखानं खरवडल्या. नाव कलंडली नाही. ते उतरले आणि सुनेला म्हणाले, "जा पोरी. दोन्ही हातांनी धरून बस."

परतताना आम्ही पाच जण होतो. कोंडीराम आणि माणिकप्पा वल्ह्यांवर, मी मागं लोटा घेऊन. मधोमध आल्यावर वारा सुटला आणि लाटा पितळेच्या पत्र्यावर आपटू लागल्या. एका रिव्हेटाशेजारून पाणी पाझरू लागलं. मी लोट्यानं उपसत होतो. उपसलेल्याहून जास्त येत नव्हतं, पण कमीही होत नव्हतं. नागूबाईंनी लेकीचं मनगट धरलं होतं ते इतकं घट्ट की शिवगंगा हळूच म्हणाली, "अव्वा, बांगडी रुततीय." तरी त्यांनी सोडलं नाही.

माणिकप्पा वल्हं मारता मारता मान वळवून त्या रिव्हेटाकडं पाहत होते. कोंडीराम ओरडला, "मालक, फुडं बघा. ते म्हागचं ह्ये राघवेंद्र साहेब बघत्यात."

मग वल्ह्याखाली गाळ लागला. कोंडीरामनं उडी मारून नाव ओढली. नाकाड वाळूवर चढलं आणि नाव थांबली. शिवगंगा बापाच्या खांद्यावर हात ठेवून उतरली. तिच्या लुगड्याचा काठसुद्धा भिजला नव्हता.

नागूबाई नावेतच बसून राहिल्या. त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि मग एकदम हसायला लागल्या. हसता हसता रडल्या आणि पुन्हा हसल्या. माणिकप्पा गाडीच्या सावलीत आडवे झाले ते तिथंच घोरू लागले. दोन महिन्यांत त्यांना नीट झोप नव्हती. बैलांना पाणी पाजून झालं तरी त्यांना उठवायचा धीर कुणाला होईना.

शिवगंगा दशमीचा घास मोडत पाण्याकडं बघत होती. म्हणाली, "अव्वा, लई छान वाटलं गं. बाळ झाल्यावर जातानाबी ह्यातच बसून जाईन."

"जाशील. आधी खा गपगुमान," नागूबाई म्हणाल्या आणि तिच्या पुढ्यात आणखी एक दशमी ठेवली.