चार नंबरचं मशीन

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत माझ्या दुकानात एका ब्लाउजचा गळा शिवत होते. फोन त्यांच्या सुनेचा, मंजूचा होता. "ताई, सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसल्या आणि..." एवढंच तिला बोलता आलं. मी उठले, शटर ओढलं, मिळेल त्या एसटीनं कराड गाठलं आणि तिथून मलकापूर. परत आले ती तिसऱ्या दिवशी. दुकान उघडून बघते तर मशीनची सुई कापडात खोल उतरवलेली आणि गळा सोडला होता तिथंच, एक सूतही न हललेला. इतक्या गडबडीत मी हातानं चाक फिरवून सुई खाली घेऊन उठले होते आणि मला ते आठवतही नव्हतं. हे वळण बाईंचं. "उठायचं तर सुई कापडात ठिवून उठ. भूकंप झाला तरी शिवण हलता कामा न्हाई," असं त्या म्हणायच्या. ते नुसतं बोलणं नव्हतं. त्यांचा संसार कोयनानगरच्या वसाहतीत झाला. तिथं खरंच अधूनमधून जमीन हलायची, आणि बाई खरंच सुई कापडात ठेवून मग पोरांना घेऊन अंगणात यायच्या. त्या दिवशी मशीनपाशी उभी राहून मी पोटभर रडले.

बाईंचं नाव इंदुमती, पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. यजमान धरणाच्या कामावरून निवृत्त झाल्यावर त्या मलकापुरात आल्या आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी शिवणक्लास सुरू केला. सहा काळी मशीनं, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं नंबर. बारावीत इंग्रजीनं माझा घात केला, तेव्हा आईनं मला तिथं नेऊन बसवलं. मी हातानं हुशार होते आणि तोंडानं त्याहून. पहिल्याच आठवड्यात कापडाखाली दोऱ्याचं हे एवढं जाळं झालं, मशीन अडलं आणि मी बॉबीनला शिव्या घालायला लागले. बाईंनी शांतपणे जाळं कापून काढलं. "गुता खाली दिसतोय न्हवं? मग वर बघ." वरचा दोरा ओवताना मी कापड दाबणारा पाय उचललाच नव्हता. त्यामुळं दोरा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये बसला नव्हता आणि मोकाट सुटून खाली गोळा होत होता. पाय वर घेऊन पुन्हा ओवलं आणि मशीन सुतासारखं सरळ आलं. "शिवता येईना, मशीन वाकडी," बाई म्हणाल्या आणि सगळ्या मुली हसल्या. मला ते हसणं महिनाभर झोंबत होतं.

मग त्यांचा क्रम अंगवळणी पडला. आधी वरचा दोरा काढून पुन्हा ओवायचा. मग सुई बदलायची. मग बॉबीन काढून तिथला कचरा झाडायचा. एवढं झाल्याशिवाय पेचकसाला हात लावायचा नाही, आणि मेकॅनिकचं तर नावही काढायचं नाही. शिवाय त्यांची एक रोजची सवय होती. क्लास सुरू होण्याआधी त्या डब्यातून चिमूटभर कापूस घ्यायच्या आणि प्रत्येक मशीनच्या लाकडी फळीवरून हलकेच फिरवायच्या. कुठं बारीक कुसळ वर आलेलं असलं की कापसाचा तंतू तिथं अडकायचा. तिथं त्या पॉलिशपेपर घासायच्या, म्हणजे रेशमी कापड ओढलं जात नाही. "डोळ्याला न्हाई दिसत ते कापसाला दिसतं," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की ऐकूच येईनासं झालं. पाठीमागं आम्ही त्याला मशीनची ओवाळणी म्हणायचो.

चार नंबरच्या मशीनचं मात्र अंगण खरोखरच वाकडं होतं. सरळ शिवणीत ते लोण्यासारखं चालायचं. गळ्याच्या गोलाईवर आलं, कापड डावीकडं वळवलं, की कट् आवाज होऊन दोरा खाली गुरफटायचा आणि चाक जागच्या जागी थांबायचं. दोरा, सुई, बॉबीन, सगळा क्रम करून झाला तरी तेच. कराडहून बापू नावाचे एक मेकॅनिक यायचे. ते चिंधीवर एक सरळ शिवण घालून म्हणायचे, "बघा बाई, कशी पळतीया." बाई म्हणायच्या, "पळती वो. जरा वळवून बघा." वळवलं की कट्. त्यांनी खालचं शटल काढून धुतलं, सुईचं टायमिंग लावलं, पट्टा बदलला. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात जोडले. "आवं बाई, भंगारात घाला हिला. उगं पोरींचा येळ खाती." बाई हसल्या. "ऱ्हाऊ द्या. हिच्याएवढी हुशार मास्तरीण मला दुसरी गावायची न्हाई." आम्हाला तो विनोद वाटला होता.

क्लास संपत आला की प्रत्येक मुलीनं काही दुपारी चार नंबरवर बसायचं, असा बाईंचा नियम होता. त्या मशीनचं दुखणं शोधायचं. सापडलं नाही तरी सर्टिफिकेट मिळायचं, कुणी नापास व्हायचं नाही. माझ्याबरोबर आटपाडीकडची शोभा होती. हळू बोलायची, हळू चालायची, काज करायला घेतलं की निम्मी दुपार जायची. मी तिला फार चिडवलं आहे, आता लाज वाटते. एकदा चार नंबरवरून उठून ती बाहेर आली आणि बाईंनी तिला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवून चहा दिला. बाकीच्यांना चहा नव्हता. का, ते शोभानंही सांगितलं नाही. मी नाक मुरडलं. माझ्या वाट्याच्या सगळ्या दुपारी मी त्या मशीनशी भांडले, शेवटच्या दिवशी रागानं चाकावर थापड मारली आणि उठले. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "ऱ्हायलं तुझं चार नंबर."

हे वाक्य त्यांनी मला पुढं सव्वीस वर्षं सोडलं नाही. माझ्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर कानात म्हणाल्या. सांगलीत मी दुकान उघडलं तेव्हा फीत कापायला त्यांनाच बोलावलं होतं. कात्री हातात घेऊन चार बायकांसमोर म्हणाल्या, "दुकान झ्याक हाय. पर ऱ्हायलं बरं का तुझं." लग्नसराईत माझं मशीन अडलं आणि गिऱ्हाईक दारात उभं असलं, की मी त्यांनाच फोन लावायचे. त्या तिकडून नुसत्या आवाजावर सांगायच्या, सुई बोथट झाली, नाहीतर बॉबीन उलटी घातलीस. एकदाही चुकल्या नाहीत. मी विचारायचे, "बाई, मग तुमची चार नंबर का बरी होत नाही?" त्या म्हणायच्या, "तू बघ की." मला मनातून वाटायचं, बाईंनाही ते सापडलेलं नाही आणि कबूल करायचं जिवावर येतं.

बाईंना जाऊन तीन आठवडे झाले आणि मंजूचा पुन्हा फोन आला. ती दवाखान्यात नर्स आहे, शिवणाशी तिचा संबंध नाही. "ताई, नऊ मुलींचा क्लास अर्धा राहिलाय. तुम्ही घ्याल का? नाहीतर मशीनं देऊन टाकावी लागतील." मी उद्या सांगते म्हणाले. आठवड्यातून तीन दिवस एसटीचा प्रवास जमण्यासारखा होता, घरचेही जा म्हणत होते. माझं पाऊल अडलं ते एकाच गोष्टीवर. मुलींनी चार नंबर पुढं केलं तर मी काय सांगू? जिचं स्वतःचं राहिलं, तिनं त्या खुर्चीत बसायचं कुठल्या तोंडानं? शेवटी ठरवलं, रविवारी जायचं आणि मशीनसमोर बसायचं. सापडलं तर क्लास घ्यायचा. नाहीतर मंजूला नाही म्हणून सांगायचं.

रविवारी सकाळी अकराला बसले. दोरा ओवला, सुई बदलली, बॉबीन झाडली. सरळ शिवण सुरेख. गळा घेतला, वळवला, कट्. पुन्हा केलं, पुन्हा कट्. दोन वाजेपर्यंत तेच. मी मशीनला जे काही बोलले ते मंजूनं स्वयंपाकघरातून ऐकलं असणार, कारण ती मुकाट्यानं पोहे ठेवून गेली. आठव्यांदा जाळं कापून काढलं तेव्हा कापडावर तेलाचे डाग पडले होते. बाईंच्या डब्यातून कापूस घेतला आणि सुईखालची प्लेट पुसली, म्हणजे जिच्या भोकातून सुई खाली जाते ती पत्र्याची पट्टी. पुसून झालं तर भोकाच्या डाव्या कडेला कापसाचा एक तंतू उभा. फुंकर मारली, गेला नाही. चिमटीनं काढला, पुन्हा पुसलं. पुन्हा त्याच जागी दुसरा तंतू...

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. मी प्लेटचे दोन स्क्रू काढले आणि ती खिडकीत उजेडाला धरली. चष्म्यातूनही दिसेना. नखानं चाचपलं तेव्हा लागलं, केसाएवढं टोक. कधीतरी सुई वाकून तिथं आपटली असणार. सरळ शिवणीत दोरा तिथं घासतच नाही. कापड डावीकडं वळलं की घासतो, अडकतो आणि गुरफटतो. बापू बिचारे सगळं मशीन उलटं करून बघत होते आणि दुखणं वरच होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि बाई रोज सकाळी आमच्या देखत कापूस फिरवत होत्या.

टोक घासायला पॉलिशपेपर हवा म्हणून चार नंबरचा खण ओढला. पेपर मिळाला आणि त्याच्या मागं कागदाची एक चपटी पुडी मिळाली. आत कोरी करकरीत प्लेट, ग्रीस लावलेली. पुडीच्या आतल्या बाजूला बाईंचं अक्षर. "चार नंबरची. बसवू नये." त्याखाली वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली पाच नावं. पहिलंच नाव शोभाचं.

मी खाली फरशीवर बसले आणि इतकी हसले की मंजू धावत आली. मग रडलेही. लगेच आटपाडीला फोन लावला. "शोभे, चार नंबर कवा सापडलं गं तुला?" तिच्या त्याच संथ आवाजात उत्तर आलं, "तिसऱ्याच दिवशी. बाईंनी शपथ घातली हुती, कुणाला सांगायचं न्हाई. आन् तुला?" म्हटलं, "आत्ता." ती किती वेळ हसत होती कुणास ठाऊक. तिचा तो हक्कच होता.

नवी प्लेट बसवून मी पांढऱ्या कापडावर गोल गळा घेतला. मशीन वळणावर आलं आणि वळलं. एका दमात, न थांबता, पूर्ण गोल. सव्वीस वर्षांत मी हजारो गळे शिवले असतील, पण असा आनंद मला एकाही गळ्यानं दिला नाही. तो तुकडा मी बाईंच्या फोटोखाली ठेवला. टेबलावरचं त्यांचं पेन घेऊन पुडीवर सहावं नाव लिहिलं, सुरेखा, आणि मंजूला सांगितलं की क्लास मी घेते. मग पुन्हा दोन्ही स्क्रू काढले. नवी प्लेट पुडीत घालून खणात मागं सारली, जुनी होती तशी परत बसवली. तिचं टोक घासलं नाही.

सोमवारी नऊही मुली आल्या. मी कापूस घेऊन सहाही फळ्यांवरून फिरवला. मागं कुणीतरी फिदकन हसलं, म्हणजे ओवाळणी हा शब्द अजून चालू असावा. तासाभरानं चार नंबरवरून आवाज आला, "मॅडम, ही लय अडती वो. मेकॅनिकला बोलवूया का?" मी वळून म्हटलं, "बघ की." आता महिना होत आला. शोभा बसली होती ती बाईंच्या शेजारची खुर्ची मी झटकून तशीच ठेवली आहे, आणि क्लासच्या दिवशी दुपारचा चहा करताना दर वेळी एक कप जास्त टाकते.