मास्तर आणि त्यांचे लांब कानवाले

मास्तरांचे कान चारचौघांसारखेच होते, पण एल्फांबद्दल कुणी वाकडं बोललं की ते लालभडक व्हायचे. केंद्र सरकारात बऱ्या हुद्द्यावरचा, केस पिकलेला, ब्लडप्रेशरची गोळी घेणारा माणूस. चिडायचा कशावर, तर इंग्रजी परीकथांतल्या, ज्यांना आजवर कुणी पाहिलेलं नाही अशा लांब कानवाल्यांच्या अपमानावर! मी पुण्याची. आमच्याकडे या वयाची माणसं सकाळी टेकडीवर जातात आणि दुपारी झोपतात. मला ही शुद्ध थेरं वाटायची, आणि मी ते तोंडावर सांगायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा एक खेळ असतो. आपण एकेक पात्र घ्यायचं आणि एक जण सांगेल त्या काल्पनिक जगात जगायचं. जग सांगणारा तो मास्तर. दर रविवारी दुपारी दिल्लीत मुनिरक्याच्या पलीकडच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही जमायचो: मी, मुंबईहून नोएडाच्या एका चॅनेलमध्ये आलेली सलमा, आणि दिल्लीतच वाढलेला केदार. मी का जायचे? अहो, नोकरीपायी नोएडात येऊन पडल्यावर रविवारी दुपारी दुसरं करायचं काय? मॉलमध्ये जाऊन सरकते जिने चढायचे?

तर या मास्तरांच्या जगात माणसांनी एल्फांचं रान तोडलं आणि त्यांना शहराच्या तटाखाली एका वस्तीत आणून कोंबलं. बाजारात जाताना त्यांनी कान फडक्याने झाकायचे, लाकडाला हात लावायचा नाही, आपली भाषा बोलायची ती दार लावून. शेकडो वर्षं जगणारी जमात, आणि करते काय, तर रडते! मास्तर मात्र हे सगळं काल मंत्रालयातून परिपत्रक निघाल्यासारखं गंभीरपणे सांगायचे. "जो एल्फ आपली भाषा सोडतो ना, त्याच्या मुलांचे कान आखूड होऊन जातात," असंही त्यांचं एक शास्त्र होतं. मी विचारलं, "कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध झालं?" झाले कान लाल.

खेळाचा कडक नियम असा, की माणसांची भाषा हिंदी आणि एल्फांची मराठी. बाजारात हिंदी, वस्तीत मराठी. आता मास्तरांचा जन्म दिल्लीतला. पुण्याला ते कधी लग्नाकार्याला गेले असतील तेवढेच. त्यांची मराठी म्हणजे, "चलो, बसून जा, आधी पाणी पिऊन घ्या." किंवा, "आईची तबियत आज ठीक नाही वाटत." ही म्हणे एल्फांची पवित्र भाषा! मी एकदा सलमाच्या कानात म्हटलं, देवळाचा कळस सोन्याचा आणि पुजारी बिनआंघोळीचा.

त्यांच्या एल्फांची एक रीत होती. दुसऱ्याच्या घरी गेलं की दारात आपलं नाव सांगायचं नाही, उंबरठ्यावर एक जुना शब्द ठेवायचा. पूर्वी कुठल्याच दारात न ठेवलेला. मगच दार उघडणार. मास्तर ही रीत क्वार्टरच्या खऱ्या दारातही पाळायला लावायचे. मे महिन्याच्या उन्हात, घामाने निथळत, मी त्या जिन्यात उभी राहून "शिंकाळं!" असं ओरडले आहे. समोरच्या घरातली बाई दार किलकिलं करून बघायची. आतल्या खोलीतून मास्तरांची आई पलंगावरूनच निकाल द्यायची, "येऊ दे रे तिला, बरोबर आहे." मास्तरांच्या स्वतःच्या शब्दांचा सगळा पुरवठा या आईकडून. फडताळ हा त्यांचा सर्वात लाडका. नव्या माणसाला ते आईचं फडताळ दाखवायचे, वर म्हणायचे, "कपाट नाही हां. फडताळ."

एकदा खेळात शिपायांची धाड पडली. सलमाचा म्हातारा एल्फ मुलांना घेऊन तळघरात लपला, केदारचा एल्फ निरोप घेऊन आला आणि त्याने तळघराची फळी ठोठावली. आतून मराठीत विचारणा झाली. त्याच क्षणी मागे पावलं वाजली आणि केदार दचकून वळला, "कौन है?" झालं! आतल्यांना वाटलं, बाहेर शिपाई आहे. सलमाने फळी उघडली नाही, आणि केदारचा एल्फ पकडला गेला. "यार मास्तर, चीटिंग आहे ही! निघून गेलं तोंडातून!" केदार रडकुंडीला आला. मास्तर जराही विरघळले नाहीत. "असेच पकडले जातात सगळे," ते म्हणाले, "तोंडातून निघून गेलेल्यावर." काय तो आव! जणू स्वतः तुरुंगात जाऊन आले होते.

पावसाळा संपता संपता त्यांची आई गेली. दिवसकार्य झालं आणि पुढच्याच रविवारी मास्तरांनी आम्हाला बोलावून घेतलं. दारात आम्ही आमचे शब्द ठेवले. आतून निकाल आला नाही. मास्तरच मग "चलो, या" म्हणाले. खेळात त्यांच्या एल्फाची शब्द ठेवायची पाळी आली तेव्हा ते नुसते हसले. "आता माझ्याकडे कुठले? संपले." मी टोचून बोलायचं सोडून चहा ठेवायला उठले. असं क्वचितच होतं.

त्यानंतर लवकरच खेळ शेवटाला आला. राजाने फर्मान काढलं की एल्फांनी एकतर माणसांची नावं घेऊन शहरात राहावं, नाहीतर नदी ओलांडून पलीकडे उरलेल्या जुन्या रानात निघून जावं. "जायचं की राहायचं?" मास्तरांनी विचारलं. सलमा आणि नवा एल्फ घेतलेला केदार, दोघं जायला एका पायावर तयार. मी म्हटलं, "राहा मुकाट्याने. यांतला एक तरी त्या रानात जन्मलाय का? तिथली झाडं यांना ओळखणार कशावरून?"

"आपली झाडं आहेत ती."

"आपली म्हणजे? सात-बारा आहे?"

कान लाल. पण बहुमत त्या दोघांचं, एल्फ निघाले. मग चहा ओतता ओतता मास्तर म्हणाले, की पुण्याच्या ऑफिसात एक जागा रिकामी आहे, उद्या होकार द्यायचा आहे, तर ते देऊन टाकणार. मी बशीत कप आपटला. "अहो, माणूस आहात की कोण! सरकारी बदली तुम्ही एल्फांना विचारून ठरवता?"

"मग आणखी कोणाला विचारू?" मास्तर म्हणाले. ते अजिबात चिडले नव्हते.

ते पुण्याला गेले. सामान बांधायला आम्ही तिघं होतो. फडताळ भिंतीतलं, म्हणजे क्वार्टरचं, त्यामुळे ते तिथेच राहिलं. मास्तर त्याची दारं दोनदा उघडून बंद करून बघत होते.

रविवारचा खेळ आता सलमाच्या घरी, मास्तर लॅपटॉपच्या पडद्यावर. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काय, सापडलं का रान?" तर म्हणाले, आईची भांडी ठेवायला एक लहान फडताळ हवं होतं, म्हणून फर्निचरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "क्या चाहिए, अंकल?" यांनी पुन्हा मराठीत सांगितलं, त्याने पुन्हा हिंदीत विचारलं. शेवटी यांनी बोटाने दाखवलं. घरमालकीण तर म्हणाली, "तुमचं मराठी छान आहे हं, नॉर्थचे असून!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाढवं लेकाची! मास्तरांच्या मराठीला नावं मी ठेवायची, ते माझं काम आहे. ज्यांना स्वतःला फडताळ ठाऊक नाही, त्यांनी या माणसाला परका ठरवावं? माझ्या गावच्या माणसांची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"सोडा ना. चलो, खेळू," मास्तर म्हणाले. एल्फ नदी ओलांडून आले होते. रानात पहिलं घर दिसलं. माझी म्हातारी एल्फीण पुढे झाली आणि तिने दार वाजवलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि आतल्या एल्फाच्या आवाजात म्हणाले, "कौन है?"

केदार ओरडला, "मास्तर, हे काय? रानातले एल्फ आहेत ना हे?"

"मी काय करू? असंच विचारतात तिथे."

उंबरठ्यावर शब्द ठेवायची पाळी माझी होती. माझ्याकडे शब्दांना तोटा नाही, मी पुण्याची.

"फडताळ," मी म्हटलं.

"तो होऊन गेलाय," केदार म्हणाला.

"माहितेय मला. परत ठेवलाय." मग मी पडद्याकडे वळले. मास्तरांचे कान लाल झाले होते, आणि या वेळी रागाने नव्हे. "बघत काय बसलात? उघडा दार!"