अ‍ॅडलेडच्या विमानाची दहा मिनिटं

"सरासरी किती?" मुरली सरांनी कॉलवर विचारलं.

"चार. एका फेरीला चार प्रवासी."

"चार जणांसाठी मी अ‍ॅडलेडच्या स्टेशन मॅनेजरशी भांडू?"

"नाही सर."

"मग पुढे चला."

आम्ही पुढे गेलो. फेब्रुवारी चालू होता. मी जबलपूरला, रांझीतल्या माझ्या घरी, मागच्या खोलीत लॅपटॉपसमोर होतो. माझे वरिष्ठ मुरली सर चेन्नईत. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत चालतं, इथे मराठीत देतो आहे.

मी एका परदेशी विमान कंपनीच्या शेड्यूलिंगचं काम करतो. कोणतं विमान किती वाजता सुटावं, किती वाजता पोचावं आणि पुढे कुठे जावं, हे आमची टीम ठरवते. कंपनीचं हब, म्हणजे जिथे सगळी विमानं एकत्र येतात आणि प्रवासी एका विमानातून दुसऱ्यात बसतात ते विमानतळ, दक्षिण-पूर्व आशियात आहे. तिथून ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडला आठवड्यातून चार दिवस विमान जायचं. ऑक्टोबरपासून ते रोज करायचं होतं. रोजच्या विमानाला जास्त प्रवासी लागतात, आणि ते जपान-कोरियाला जाणाऱ्यांत मिळतील असा हिशेब होता. त्यांची विमानं हबमधून दुपारी एकला सुटतात. म्हणजे अ‍ॅडलेडहून परतणारं विमान बाराला हबमध्ये हवं.

का बाराला? कारण कनेक्टिंग टाइम. आमच्या हबमध्ये एका विमानातून उतरून दुसरं पकडायला कमीत कमी साठ मिनिटं लागतात, असा नियम आहे. एकोणसाठ मिनिटं असली तरी कॉम्प्युटर ते तिकीट विकत नाही. विकत नाही म्हणजे दाखवतच नाही.

परतीचं विमान बाराला आणायचं तर जातानाचं विमान हबमधून एक तास आधी सोडावं लागणार होतं, रात्री साडेनऊऐवजी साडेआठला. अ‍ॅडलेडला रात्री अकरा ते सकाळी सहा विमान उतरायला बंदी आहे, लोकांची झोपमोड होते म्हणून. साडेआठला सुटलेलं विमान तिथल्या सहाच्या ठोक्याला उतरतं. तेही फक्त ऑक्टोबर ते मार्च, तिकडे घड्याळं एक तास पुढे असतात तेव्हा. एप्रिलमध्ये घड्याळं मागे आली की तेच विमान पाचला पोचेल, आणि पाचला उतरता येत नाही. म्हणून नवी वेळ ऑक्टोबर ते मार्च, उरलेले सहा महिने जुनी साडेनऊची. इथवर सगळं बसलं.

एकच गोष्ट बसली नाही. मुंबईहून आमचं विमान हबमध्ये सात चाळीसला पोचतं. साडेआठपर्यंत पन्नास मिनिटं. दहा कमी. मुंबईहून आधी सुटायला तिथल्या विमानतळावर मोकळी वेळ नाही.

उपाय होता. अ‍ॅडलेडचं विमान आठ चाळीसला सोडायचं, तिकडे सहा दहाला उतरवायचं आणि साफसफाई, इंधन, सामान हे सगळं पंचाहत्तरऐवजी पासष्ट मिनिटांत उरकून ठरल्या वेळी परत फिरवायचं. तिकडच्या स्टेशन मॅनेजरनं, म्हणजे आमच्या कंपनीच्या तिथल्या विमानतळावरच्या प्रमुखानं, कुरकुर केली असती, पण जमलं असतं. मी तो पर्याय शीटमध्ये लिहिलाही होता. शेजारच्या रकान्यात मुंबई-अ‍ॅडलेड प्रवाशांची वर्षभराची सरासरी होती. फॉर्म वर्षाचीच मागतो. चार. तो आकडा मी तीनदा तपासला. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. मग मी आठ चाळीसची ओळ पुसली.

ऑगस्टमध्ये मेश्राम काकू घरी आल्या. त्या आमच्या शेजारी राहतात. काका फॅक्टरीतून रिटायर झाले होते, दीड वर्षापूर्वी गेले. मुलगी शिल्पा अ‍ॅडलेडला नर्स आहे. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले होते. नोव्हेंबरची तारीख होती आणि तिला सासू नाही.

"भाऊ, विमानात डिंकाचे लाडू चालते का?" काकूंनी बसायच्या आधी विचारलं.

"विमानात चालतात. तिकडे उतरल्यावर फॉर्मवर लिहून द्यायचं. ते ठरवतील."

"लिहून देईन ना. पण तिकीट तं निघालं पाहिजे! दुबेजी म्हणून राहिले का नाही निघत."

दुबेजी सदर बाजारातले तिकिटवाले. मी फोन लावला.

"भैया, पिछली बार भाईसाहब और दीदी जिस फ्लाइट से गए थे, वही है," दुबेजी म्हणाले. "मुंबई वाली भी है, एडिलेड वाली भी है. बस जुड़ नहीं रही. बीच में पच्चीस घंटे दिखा रहा है. आप तो इसी लाइन में हो, आप ही बताओ क्यों?"

मला शोधायची गरज नव्हती. मला कारण माहीत होतं.

काकू माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. गुडघ्यांमुळे व्हीलचेअर लागते. मागच्या खेपेला काका बरोबर होते आणि मध्ये एक तास पन्नास मिनिटं होती. व्हीलचेअरवाल्या पोरीनं या दारातून त्या दारात नेऊन बसवलं, एवढंच त्यांना हब माहीत. तोच रस्ता असेल तर एकटी जाईन, असं त्यांनी शिल्पाला सांगून ठेवलं होतं.

"पंचवीस तास कुठी बसू मी?" त्या म्हणाल्या. "दुसरा रस्ता?"

दुसऱ्या कंपनीचा रस्ता होता, पण त्यात दोन ठिकाणी विमान बदलायचं होतं आणि एकीकडे सामान घेऊन टर्मिनलही. त्यांनी नकारार्थी मान हलवली. सप्टेंबरात जुन्या वेळेनं जाता आलं असतं, पण मग तीन महिन्यांच्या व्हिसात बाळंतपणानंतरचे पुरेसे दिवस उरत नव्हते.

त्या गेल्यावर मी जुनी शीट उघडली आणि पहिल्यांदाच आकडे महिन्यावार मांडले. मार्च ते ऑक्टोबर फेरीमागे एक, कधी शून्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दहाच्या वर. नावांपुढे वय आणि व्हीलचेअरची खूण. बहुतेक साठीच्या पुढचे.

हे कळायला मला शीट लागायला नको होती. आमच्या कॉलनीतून परदेशी मुलांकडे जाणारं प्रत्येक जोडपं मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. दिवाळी करून निघायचं आणि होळीच्या आत परतायचं. जून-जुलैत अ‍ॅडलेडची थंडी असते, तेव्हा म्हातारी माणसं जात नाहीत. मी रिकामे महिने भरलेल्या महिन्यांत मिसळून चार काढले होते, आणि ते चार नेमक्या भरलेल्या महिन्यांना लावले होते.

मी मुरली सरांना फोन केला.

"सर, चार नाही. आपण वेळ बदलली त्यातल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दहाच्या वर आहेत."

"हे फेब्रुवारीत सांगितलं असतं तर मी भांडलो असतो."

"आता आठ चाळीस करता येईल?"

"सहा दहाचा स्लॉट दुसऱ्या कंपनीला गेला." स्लॉट म्हणजे विमानतळानं दिलेली उतरण्याची वेळ. "या सीझनला विसरा. फार तर हबकडे सवलत मागा, पन्नास मिनिटांची."

मी त्याच दिवशी अर्ज केला. दर आठवड्याला आठवण दिली. हबनं आधी प्रवाशांची आकडेवारी मागितली, मग दोन दारांमधलं अंतर, मग पुन्हा आकडेवारी, वेगळ्या फॉर्मवर.

मधल्या काळात मी काकूंना खरं सांगितलं. बायको म्हणाली होती, काय गरज आहे, त्यांना कुठे कळणार आहे. पण मला राहवेना. त्या पायरीवर मेथी निवडत होत्या.

"काकू, ती वेळ मीच बदलली. दहा मिनिटांनी चुकलं."

"दहाच मिनिटं?"

"हो."

"मंग तुमच्या साहेबाले सांगायचं होतं, मेश्राम बाई धावत येते म्हणून!" त्या हसल्या. मग जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "काहून केलं भाऊ असं? मी जातो हे तं तुम्हाले माहीत होतं ना."

"माहीत होतं. मोजलं नाही."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शिल्पाला मुलगी झाली. जावयानं रजा घेतली. पहिल्या आंघोळीला काकू फोनवरून सूचना देत होत्या, डोकं धर, डोकं धर, आणि त्यांचा आवाज आमच्या मागच्या खोलीपर्यंत येत होता. संध्याकाळी डिंकाच्या लाडवांचा डबा आमच्याकडे आला. "इथं कोण खाईन," एवढाच निरोप. आम्ही ते खाल्ले. टाकून देणं बरं दिसलं नसतं.

सवलत जानेवारीत मंजूर झाली. पन्नास मिनिटं चालतील, व्हीलचेअरचे प्रवासी सोडून. मी ती ओळ दोनदा वाचली.

मार्चमध्ये रोजच्या फेरीचा अहवाल आला. विमानं भरून गेली होती, जपान-कोरियाचे प्रवासी अंदाजापेक्षा जास्त होते. टीमला अभिनंदनाचा मेल आला, त्यात माझंही नाव होतं. अहवालात तोट्याचाही रकाना असतो. त्यात मुंबई-अ‍ॅडलेडसमोर काहीच नव्हतं. जे तिकीट दाखवलंच गेलं नाही ते कुणी घेतलं नाही, आणि जे कुणी घेतलं नाही त्याची नोंद कुठे होत नाही.

पुढच्या ऑक्टोबरसाठी मी वेळेत स्लॉट मागितला. या वेळी मुरली सर अ‍ॅडलेडच्या मॅनेजरशी भांडले. वेळ आठ चाळीस झाली. तिकीट दिसू लागलं त्या दिवशी मी स्वतः काकूंकडे गेलो.

"आता बरोबर साठ मिनिटं आहेत. व्हीलचेअरसकट. दुबेजींना फोन लावू?"

त्या फोनवर नातीचा व्हिडिओ पाहत होत्या. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. मुलगी सोफ्याला धरून उभी होती.

"जाईन ना," काकू म्हणाल्या. "पण आता बाळंतपण कोणाचं करू? पोरगी उभी राहून राहिली."

आमच्या फॉर्ममध्ये आता वर्षाच्या सरासरीखाली बारा महिन्यांचे बारा रकाने आहेत. मी ते घालून घेतले. भरायला वीस मिनिटं जास्त लागतात, म्हणून टीममधली नवी मंडळी वैतागतात.